जाकीट लेकाला, उबदार खोली बाळाला

फोंड्याच्या एका वहिनींनी विचारलंय: "मुलगा-सून इंग्लंडात स्विंडनला असतात. सुनेच्या बाळंतपणासाठी मी डिसेंबरअखेर तिकडे जाणार आहे. मुलगा गेल्या हिवाळ्यापासून घरात बॅटरीवर तापणारं जाकीट घालून बसतो आणि घराचं हीटिंग जवळजवळ बंदच ठेवतो. गॅसचं बिल निम्म्यावर आलं म्हणतो. माझ्यासाठीही एक घेऊन ठेवलंय. मला बारा वर्षांचा मधुमेह आहे. हे कपडे अंगावर धोक्याचे नाहीत ना? खरंच एवढे पैसे वाचतात का? आणि म्हापशाहून विजेचं ब्लँकेट नेऊ का?"

वहिनी, तुमच्या मुलाचा हिशेब चुकीचा नाही, पण तो दोन धडधाकट माणसांच्या घराचा हिशेब आहे. जानेवारीत त्या घरात चार माणसं असतील, त्यांतलं एक जेमतेम तीन किलोचं. म्हणून उत्तर थोडं लांबणार.

मी नऊ वर्षं इंग्लंडात घरांच्या विजेची कामं केली, त्यांतली सहा स्विंडनलाच. आता फोंड्याला एसी बसवतो आणि दुरुस्त करतो. तिकडे ऊब देत होतो, इकडे गारवा देतो. दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांची खोड मात्र एकच. बसलेला असतो एक माणूस आणि सोय चाललेली असते चारही भिंतींची.

आपल्या पंख्याचंच बघा. मे महिन्यात पंखा लावला म्हणून खोलीचं तापमान अर्धा अंशही उतरत नाही. मोटर तापते, त्यामुळे खोली झालीच तर किंचित गरमच होते. तरी आपल्याला बरं वाटतं, कारण वारा अंगावरचा घाम सुकवतो. साध्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॉट लागतात, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक, आणि दीड टनाच्या एसीला दीड हजाराच्या घरात. रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवला की आई ओरडायची ती बरोबरच होती, तिथं गार व्हायला कोणी नसायचंच. तापणारं जाकीट हा थंड देशातला पंखाच आहे. खोली तशीच राहते, माणसाला बरं वाटतं.

(आपल्या मराठीत जाकीट म्हणजे बिनबाह्यांचं आणि जॅकेट म्हणजे बाह्यांचं. इथं हा फरक कामाचा आहे. घरात जाकीटच घ्यावं. हात मोकळे राहतात, भांडी घासता येतात आणि तापणाऱ्या तारा कोपराशी सारख्या दुमडत नाहीत.)

आता पैशांचं. इंग्लंडात ऑफजेम नावाची नियामक संस्था दर तीन महिन्यांनी वीज-गॅसच्या दरांवर कमाल मर्यादा ठरवते. २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत ती विजेला युनिटमागे सुमारे २७ पेन्स आणि गॅसला सुमारे ७ पेन्स होती (शंभर पेन्सचा एक पौंड). आकडे वरखाली होतात, पण वीज गॅसच्या चौपट महाग, हे प्रमाण लक्षात ठेवा. त्या दरानं दोन किलोवॉटचा पंख्याचा हीटर तासाला ५४ पेन्स खातो. मांडीवर घ्यायची विजेची शाल १२० वॉटची धरली तर तासाला सव्वातीन पेन्स. आणि मुलाचं जाकीट साधारण १० वॉटचं असणार, त्याला तासाला पाव पेन्सच्या थोडं वर. दहा तास घातलं तरी लिटरभर पाण्याच्या आधणाएवढीच वीज जाते.

पण जाकीट किती खातं यावर बचत ठरत नाही. जाकिटामुळे तो घराचं तापमान किती उतरवतो त्यावर ती ठरते. घर तापवणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत राहणं. आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी गळती. दक्षिण इंग्लंडात ऐन हिवाळ्यात बाहेर सरासरी पाच-सहा अंश असतात. आत २१ ठेवले तर फरक झाला पंधराचा. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, १८ वर आणला की तो बाराचा होतो, म्हणजे गळती पाचव्या हिश्शानं कमी.

रुपयांत नको, पौंडांतच सांगतो. स्विंडनमधल्या जुन्या, एका रांगेतल्या विटांच्या घराची गळती मी अंदाजानं दर अंशाला २०० वॉट धरतो. चोवीस तासांत एका अंशाला ४.८ युनिट उष्णता लागते. गॅसवर पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवणाऱ्या बॉयलरमध्ये थोडी वाया जाते, म्हणून गॅस साडेपाच युनिट. सात पेन्सनं ३८ पेन्स. तीन अंश उतरवले तर दिवसाला एक पौंड पंधरा पेन्स, महिन्याला तीस-पस्तीस पौंड. हा कागदावरचा हिशेब आहे. ज्यांचं हीटिंग मुळातच दिवसातून सहा तास चालतं त्यांचं यातलं निम्मंही वाचणार नाही. तरीसुद्धा चाळीस-पन्नास पौंडांचं जाकीट एका हिवाळ्यात फिटतं, यात शंका नाही.

मग बिल निम्म्यावर कसं आलं? तीन अंश उतरवून बिल निम्म्यावर येत नाही, वहिनी. याचा अर्थ तुमच्या मुलानं घर तेरा-चौदा अंशांवर ठेवलं असणार. मी असं का म्हणतो, तर मीही तेच केलं होतं.

तिथली माझी पहिली थंडी. चौघांत मिळून घर भाड्यानं घेतलेलं, गॅसचं मीटर आधी पैसे भरून चालवायचं. मी एकटा दिवसा घरी असायचो, कारण पाळी रात्रीची. एकट्यासाठी घर कशाला तापवायचं म्हणून माझ्या खोलीचा रेडिएटर मी नोव्हेंबरात बंद केला तो मार्चपर्यंत उघडला नाही. अंगात दोन स्वेटर, पायांत दोन मोजे, मांडीवर आईनं दिलेली गोधडी. मजेत होतो. फेब्रुवारीत भावाच्या लग्नाला यायचं म्हणून कपाटातला सूट काढायला गेलो, तर कोटाच्या पाठीवर हिरवट पांढरी लव. कपाट मागं ओढलं तर भिंत छातीपर्यंत काळी. घरमालकानं अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले आणि सूट गेला तो वेगळाच. वाचवलेल्या गॅसच्या दुप्पट खर्च झाला.

गोव्याच्या माणसाला हे समजायला नको होतं का? जुलैत आपल्या चपलांना, पट्ट्यांना, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते. आपण कपाटात झिरोचा बल्ब पेटता ठेवतो तो काय उजेडासाठी? कपाट बाहेरच्यापेक्षा दोन अंश गरम राहिलं की आतली हवा कोरडी राहते. तिथं हिवाळ्यात घराचंच ते कपाट होतं. आपल्याकडची ओल ढगातून येते, तिथली माणसांमधून. श्वास, भात शिजवणं, अंघोळी, घरात वाळत घातलेले कपडे, असं सगळं मिळून चौघांचं कुटुंब दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. वीस अंशांची हवा घनमीटरमागे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, दहा अंशांची नऊच्या थोडं वर. त्यामुळे गार भिंतीशी हवा टेकली की तिच्यातलं पाणी सुटतं. कपाटामागचा कोपरा, पलंगाचं डोकं, खिडकीची चौकट. जाकीट तुम्हाला कितीही ऊब देवो, त्या कोपऱ्याला ते काहीच देत नाही.

शिवाय बाळंतीण आणि बाळ आलं की धुणं तिप्पट. ते सगळं रेडिएटरांवर वाळणार. म्हणून मुलाला सांगा, स्वयंपाक आणि अंघोळ चालू असताना हवा बाहेर फेकणारा पंखा लावायचा आणि नंतरही पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. थंडी आत येईल म्हणून जीव वर-खाली होईल, पण दहा मिनिटांत भिंती गार होत नाहीत, फक्त हवा बदलते. आणि कपडे एकाच खोलीत, दार लावून, ओल शोषणाऱ्या यंत्रासमोर वाळवायचे. ते यंत्र दोनशे वॉटच्या आसपास घेतं आणि घेतलेली वीज उबेच्या रूपानं खोलीतच सोडतं.

घर किती गार चालेल याला एक तळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, दम्याचं दुखणं वाढतं. छातीवर जाकीट असलं तरी श्वास गार हवेचाच घेतला जातो. धडधाकट तरुण एकटा असेल तर तो सोळावरही काम करील. तुमच्या वयाला आणि साखरेला मी १८ च्या खाली उतरू देणार नाही.

आता जाकिटाकडे वळतो. ते कसं चालतं हे कळलं की कसं घालायचं हे सांगावं लागत नाही, तरी दहातले आठ जण ते उलटंच घालतात.

पाठीला आणि पोटाशी कार्बनच्या धाग्यांच्या किंवा बारीक तारेच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. खिशात मोबाईलची पॉवरबँक. पाच व्होल्टनं दोन अँपिअर गेले की १० वॉट. काही जाड जॅकेटांना स्वतःची ७.४ व्होल्टची बॅटरी असते, ती मोटारसायकलवाल्यांसाठी आणि बाहेर काम करणाऱ्यांसाठी, घरात नको. आता १० वॉट म्हणजे काय? स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीरच शंभरेक वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. म्हणजे जाकीट तुमच्या स्वतःच्या शेगडीचा दहावा हिस्सा. ही चिमूटभर ऊब सगळ्यात वर घातली तर ती खोलीत जाते. म्हणून अंगाशी पातळ सुती बनियन, त्यावर जाकीट, त्यावर स्वेटर. स्वेटरनं ती ऊब आत कोंडली पाहिजे.

खरं तर विकत घेताना आधी चांगला स्वेटर घ्यावा, जाकिटाचा विचार नंतर. कपड्यांच्या उबेला क्लो नावाचं माप आहे, १९४१ साली तिघा शास्त्रज्ञांनी सुचवलेलं. २१ अंशांच्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला ज्या कपड्यांत बरं वाटतं ते एक क्लो, म्हणजे साधारण कोट-पँटचा सूट. त्या हिशेबानं एका जाड स्वेटरानं दोनेक अंशांची सवलत मिळते, तीही वीज न जाळता. पातळ टी-शर्टवर तापणारं जाकीट घालून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना जाकीट नको, त्यांना आजी हवी.

मग जाकिटाचा उपयोग कुठं? बसून राहणाऱ्याला. फिरत्या माणसाला स्वेटर पुरतो. संगणकापुढं चार तास बसलं की मात्र हातापायांची बोटं गार पडतात, कारण धडाची ऊब कमी पडते आहे असं वाटलं की शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं. धड तापवलं की तेच रक्त बोटांपर्यंत पुन्हा जातं. म्हणून पाठीवरच्या जाकिटानं बोटं मोकळी होतात, हे ऐकायला नवल वाटेल पण खरं आहे. बटण दाबताना पहिली दहा-पंधरा मिनिटं मधल्या पायरीवर ठेवावं, मग खालच्या. त्वचा सरावते, तीच ऊब कमी वाटू लागते आणि हात आपोआप वरच्या बटणाकडे जातो. तिथंच भाजण्याची सुरुवात होते.

वहिनी, आता तुमचं. तुमच्यासाठी घेऊन ठेवलेलं जाकीट तुम्ही घालू नका असं मी सरसकट म्हणत नाही. पण पायांना तापणारे मोजे, तापणाऱ्या सपाता, विजेची उशी यांतलं काहीही लावायचं नाही, हे मात्र पक्कं. भाजायला उकळतं पाणीच लागतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ४४ अंश, म्हणजे हात लावून नुसतं छान कढत वाटेल एवढं, सलग सहा तास त्वचेला चिकटून राहिलं तरी भाजतं. १९४७ च्या प्रयोगांपासून हे माहीत आहे. धडधाकट माणूस त्याआधी चुळबुळ करून जागा बदलतो. मधुमेहानं पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर तुम्हाला चुळबुळ करायची गरजच वाटणार नाही, आणि फोड दिसेल तो सकाळी. हे मी गोवेकरांना मुद्दाम सांगतो, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के.

जाकीट घालणार असाल तर खालची पायरी, आत सुती ब्लाउज किंवा बनियन, एका वेळी अर्धा तास. झोपताना कधीच नाही. पाठीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग दिसू लागले तर बंद. रोज तीच जागा शेकत राहिल्यानं ते येतात. काश्मिरात फेरनाच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या, आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या कातडीवर असे डाग पडतात, आणि वर्षानुवर्षांच्या शेकानं तिथं कर्करोगही होतो, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलंय. तुम्ही थोड्या दिवसांसाठी चालला आहात, एवढं घाबरायचं कारण नाही. डागांकडे लक्ष मात्र असू द्या. हृदयाला पेसमेकर असेल तर जाकिटाआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पायांसाठी साधा उपाय आहे. लोकरीचे सैल मोजे, जाड तळाच्या सपाता, आणि बसाल तिथं पायांखाली गालिचाचा तुकडा किंवा दुमडलेली सतरंजी. थंडी वरून कमी आणि फरशीकडून जास्त चढते. पाय पाटावर ठेवून बसलात तरी फरक कळेल.

आता बाळ. इथं माझं म्हणणं तुम्हाला रुचणार नाही, पण ऐका. बाळाला विजेवर तापणारं काहीही नको. जाकीट नको, ब्लँकेट नको, गरम पाण्याची पिशवी नको, आणि बाळाची गादी रेडिएटरला लागूनही नको. फार गार होणं वाईटच, पण फार तापणं तान्ह्या बाळाला त्याहून धोक्याचं. बाळ झोपतं त्या खोलीत १६ ते २० अंश असावेत असा तिकडच्या आरोग्य सेवेचा सल्ला आहे. मी १८-१९ धरा म्हणेन. आणि कुंची! तुम्ही नक्की दोन शिवून नेणार. बाहेर नेताना घाला, फोटो काढा, पण घरात झोपवताना बाळाचं डोकं उघडं ठेवा. तान्ही मुलं जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतात. सुईण घरी येईल तेव्हा तीही हेच सांगेल, मग माझ्यावर रागवायचं कारण राहणार नाही. हात-पाय गार लागले म्हणून आणखी एक दुपटं गुंडाळू नका. मानेखाली पाठीला हात लावून बघा. ती कोमट आणि कोरडी असली की बाळ ठीक आहे.

म्हणजे काय, तर लेकानं आपल्या बैठकीत हवं तर सोळा अंशांत जाकीट घालून बसावं, पण बाळ-बाळंतिणीची खोली खरोखरच्या रेडिएटरवर तापली पाहिजे. यासाठी अख्खं घर तापवावं लागत नाही. प्रत्येक रेडिएटरच्या बाजूला आकडे असलेली गोल चावी असते. बाळाच्या खोलीची अडीच-तीनवर, तुमच्या खोलीची तीनवर, रिकाम्या खोल्यांच्या एक-दोनवर. रिकाम्या खोल्यांतलीही शून्यावर नाही, कपाटामागची माझी भिंत आठवा. मुख्य थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथली चावी मात्र पूर्ण उघडी ठेवायची. ती बंद केली तर खोली गार राहते आणि बॉयलर दिवसभर धडधडत बसतो. हा घोळ मी किती घरांत निस्तरला त्याची गणती नाही.

आणखी एक गोष्ट, जिला जाकीट लागत नाही की कोणी काकडत नाही. लगेच गरम पाणी देणारा, टाकी नसलेला बॉयलर असेल, आणि भाड्याच्या बहुतेक घरांत तोच असतो, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान त्याच्यावर बहुधा ७० ते ८० ला लावलेलं असतं. ते ६० वर आणा. परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं की असे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवतात. घर तितकंच तापतं, जरा सावकाश तापतं, गॅस कमी लागतो. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हे करू नका, कारण टाकीतलं पाणी जंतूंच्या भीतीनं ६० अंशांवर ठेवावं लागतं. मुलानं हे बटण फिरवलं नसेल, पैज लावतो.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या मनात असणार. बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून. आपल्या घरात कौलांच्या फटींतून, माळ्यातून हवा फिरते. तिथलं घर खिडक्या-दारं लावून डबीसारखं बंद असतं. त्यात निखारे पेटवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. बाळ सगळ्यात आधी. शेगडी नाही म्हणजे नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. कंबर शेकायची असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, सुनेला स्वतःला सोसेल तेवढीच. आणि त्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का हे मुलाला आजच विचारा. वीसेक पौंडांत मिळतो, गॅसचा बॉयलर आहे तिथं तो हवाच.

राहिलं सामान. म्हापशाहून ब्लँकेट नेऊ नका. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे ते चालेल. पण तिथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो, अशा छोट्या उपकरणाला ३ अँपिअरचा. आपला प्लग अडॅप्टरमधून लावला की बहुतेक वेळा वायरीमागं १३ अँपिअरचा फ्यूज येतो. पलंगातली तार कुठं दबून तापली तर तो उडायच्या आधी गादी पेटेल. तिकडंच घ्या, तीन तासांनी आपोआप बंद होणारं. झोपायच्या आधी अर्धा तास गादी तापवायची, आत शिरताना बंद करायची. घडी करून ठेवू नका, सैल गुंडाळी करा.

जाकिटाच्याही तारा घडीतच मरतात. गेल्या वर्षी तिकडून आलेल्या एका मुलानं न तापणारं जाकीट माझ्याकडे आणलं. मीटर लावला तर पाठीची पट्टी ठीक होती, तार तुटली होती खिशापाशी, जिथं जोडणी रोज वाकते. त्याला वाटलं टेप लावून देईन. नाही दिली. तापणारी तार पिळून जोडली की जोडाच्याच जागी सगळी उष्णता गोळा होते. पट्टी बदलायची नाहीतर जाकीट टाकायचं. धुताना बॅटरी काढून, जोडणीवर टोपण लावून, हातानं, न पिळता. आणि पॉवरबँक पलंगावर, उशीखाली चार्ज करायची नाही. बाळ असलेल्या घरात तर नाहीच.

विमान मोपाहून घ्या की दाबोळीहून, इथून पॉवरबँक नेणार असाल तर ती हातातल्या पिशवीत, खाली द्यायच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. १०,००० एमएएचची म्हणजे ३७ वॉट-तास, जाकीट तीन तास चालवते. २०,००० ची ७४, तीही चालते. बॅगेत उरलेल्या जागी दोन जोड लोकरीचे मोजे, एक गोधडी आणि दोनशे-तीनशे रुपयांचा तापमान दाखवणारा छोटा घड्याळासारखा मीटर टाका. पोचल्यावर तो बाळाच्या खोलीत, खिडकी आणि रेडिएटर दोन्हींपासून लांब, गादीच्या उंचीवर ठेवा. रात्री दोनला बाळ उठेल तेव्हा आकडा बघा. १६ च्या खाली दिसला तर मुलाला उठवा आणि चावी फिरवायला लावा, बिल त्याचं आहे.